पाचशे एक्केचाळिसावं मत

१

माझ्या वडिलांनी मत दिलं तेव्हा त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

हे मला लेलँड फिस यांनी सांगितलं, जानेवारीतल्या एका बुधवारी, आमच्या स्वयंपाकघरात बसून. फिस हे क्रीडालेखकांच्या संघटनेचे सचिव. सकाळच्या पहिल्या विमानानं न्यूयॉर्कहून क्लीव्हलँडला आले होते आणि बुटांवरचा बर्फ दारात झटकताना दोनदा माफी मागून झाली होती. मला वाटलं, सांत्वनाला आलेत. बाबांनी पंचेचाळीस वर्षं बेसबॉलवर लिहिलं, तेव्हा अजूनही कोण कोण येत होतं. मी कॉफी केली, शेजारच्यांनी दिलेला अक्रोड भरलेला स्लोव्हेनियन गोड पाव, पोतित्सा, कापला. त्यांनी बशी बाजूला सरकवली आणि तिच्या जागी एक पाकीट ठेवलं.

"मिस प्रेलोग, हे अक्षर कोणाचं?"

डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव होतं, रूडॉल्फ प्रेलोग. हे अक्षर मी बारा वर्षं शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पाहिलं होतं.

"बाबांचं."

"आणि हा शिक्का?"

क्लीव्हलँड, २८ डिसेंबर. बाबा १९ डिसेंबरला गेले. बावीसला आम्ही त्यांना पुरलं.

पाकिटात मतपत्रिका होती. अशी पत्रिका मी लहानपणापासून बघत आले होते. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, नोव्हेंबरअखेर, ती यायची. संघटनेत दहा वर्षं काढलेल्या लेखकाला मत मिळतं आणि एकदा मिळालं की मरेपर्यंत राहतं. निवृत्त खेळाडूंची यादी, प्रत्येक नावापुढे चौकट. हव्या त्या नावांपुढे फुल्या मारायच्या, दहापेक्षा जास्त नाहीत, खाली सही करायची आणि एकतीस डिसेंबरच्या आत पोस्टात टाकायचं. शंभरातल्या पंचाहत्तर लेखकांनी फुली मारली की तो खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, जातो. नाही मारली तर पुढच्या वर्षी पुन्हा. असं पंधरा वर्षं. मग नाव यादीतून कायमचं उडतं.

या पत्रिकेवर बाबांची सही होती. फुली एकही नव्हती.

"ड्वेन स्टॅलकपचं हे पंधरावं वर्ष होतं," फिस म्हणाले.

ते मला ठाऊक होतं. स्टॅलकप आमच्याच गावच्या संघाचा जुना पिचर, बॉल फेकणारा. आदल्या संध्याकाळी निकाल लागला आणि तो एका मतानं हुकला. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा दुकानात दुसरा विषय नव्हता.

"एकंदर पत्रिका पाचशे एक्केचाळीस," फिस म्हणाले. "त्याला हवी होती चारशे सहा मतं. मिळाली चारशे पाच. तुमच्या वडिलांची फुली असती तर तो आत होता. आता दुसरी बाजू बघा. ही पत्रिका आलीच नसती, वाटेत कुठं हरवली असती, तर एकंदर पाचशे चाळीस. त्याचे शेकडा पंचाहत्तर बरोबर चारशे पाच. तरीही तो आत."

"कोरी पत्रिकाही मोजता तुम्ही?"

"सही असली की मोजतो. ती यादीतल्या सगळ्यांच्या विरुद्ध पडते." त्यांनी पत्रिका खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. "आणि ही मुळात कोरी नव्हती. हे बघा."

स्टॅलकपच्या नावापुढच्या चौकटीत कागद खरवडला गेला होता. पेन्सिलीच्या दाबानं उमटलेली फुली अजून तिथं खोलगट दिसत होती. पुसलेली. बाकीच्या चौकटी गुळगुळीत होत्या.

"काल स्टॅलकपच्या वकिलाचा फोन आला. सोळा डिसेंबरला स्टॅलकप इथं येऊन गेला म्हणे. तेव्हा आपल्या नावापुढची फुली त्यानं डोळ्यांनी पाहिली." फिस यांनी चष्मा काढून पुसला. "आमचा नियम साधा आहे. माणसानं जिवंत असताना पाकीट बंद करून कोणाच्या हाती दिलं असेल, तर ते मत त्याचं, शिक्का कधीचाही असो. तो गेल्यावर पत्रिकेला कोणी हात लावला असेल, तर ती रद्द आणि स्टॅलकप आत. शुक्रवारी दुपारी बाराला निकाल कायम होतो. मला पोलीस नकोत, वर्तमानपत्रंही नकोत. त्या दिवसांत घरात कोण कोण होतं, तेवढं सांगा."

बाबांनी चौदा वर्षं स्टॅलकपला मत दिलं होतं आणि दर वर्षी तसं लेखात छापलं होतं. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. कोणी तरी माझ्या मेलेल्या बापाच्या मतात हात घातला, किंवा बापानं शेवटच्या आठवड्यात एका माणसाचा घात केला. मला कुठली खरी असायला हवी होती, हे मी फिसना सांगितलं नाही.

"सोळाला स्टॅलकप," मी म्हटलं. "मी घरी नव्हते, मला ते आत्ता कळतंय. दफनाच्या दिवशी व्हर्न कूगलर बाबांच्या खोलीत बराच वेळ होते. एलिसेओ मातोस, तो बाबांना डॉक्टरकडे न्यायचा, रोज यायचा."

"किल्ली कोणाकडे?"

"एलिसेओकडे आणि माझ्याकडे."

फिस यांनी वहीत चार ओळी लिहिल्या. चौथी ओळ मी उलटीकडून वाचली. तिथं माझं नाव होतं.

२

व्हर्न कूगलर दुपारी स्लोव्हेनियन हॉलच्या तळघरात जेवतो. एकतीस वर्षं तो प्रेस बॉक्समध्ये बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. पेपर प्रतिस्पर्धी, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी बातमी सांगितली नाही आणि बाकी काही लपवलं नाही. स्टॅलकपचं नाव काढलं की त्याचा घास अडकतो. स्टॅलकपनं एकदा त्याच्या टाइपरायटरवर बर्फाच्या पाण्याची बादली ओतली होती.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हातारा मेल्यावर डेडलाइन पाळायला लागला म्हणायचा. जिवंतपणी एकदा जमलं नाही त्याला."

"व्हर्न, पत्रिका कोरी होती. फुली पुसलेली."

त्याचा काटा सॉसेजमध्ये रुतून राहिला.

"कोऱ्या पत्रिकेचा हिशेब तुम्हाला ठाऊक असणार," मी म्हटलं.

"लेखकांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पाठवली नाही तर कोणाचं काही जात नाही, कोरी पाठवली तर सगळ्यांचं जातं. म्हणजे, अ‍ॅगी, तू मला विचारतेयस की रूडीच्या टेबलावरची फुली मी पुसली का."

"विचारतेय."

"विचार, विचार. मीही विचारलं असतं." त्यानं रुमालानं तोंड टिपलं. "दफनाच्या दिवशी त्याच्या खोलीत मी पत्रिकाच शोधत होतो. सापडली असती तर काय केलं असतं, देव जाणे, आणि ते त्यालाच ठाऊक असलेलं बरं. पण टेबलावर पत्रिका नव्हती. पाकीटही नव्हतं. बावीस तारखेला नव्हतं, पोरी. लिहून घे."

"सही पेननं आहे, फुली पेन्सिलीची. असं कोण करतं?"

"रूडी करायचा. पत्रिका आली त्या दिवशी सही ठोकायचा. म्हणायचा, नाव तेवढं नक्की असतं, बाकी मजकूर बदलू शकतो. फुल्या पेन्सिलीनं. स्कोअररची खोड."

"बाबा स्कोअरर होते?" मी विचारलं.

"तुला सांगितलंच नव्हतं त्यानं? त्या काळी स्कोअरर आम्हीच असायचो. घरच्या मैदानावर सामना असला की आमच्यातला एकजण आळीपाळीनं त्या खुर्चीत बसायचा. बॅटला लागून बॉल निसटला, तर ती मारणाऱ्याची हिट की अडवणाऱ्याची चूक, हे ठरवायचा. निर्णय बदलायला चोवीस तास. म्हणून पेन्सिल." त्यानं बिअरचा घोट घेतला. "अठ्ठ्याहत्तर साली स्टॅलकपनं तो सामना जिंकला. नऊ डाव, समोरच्यांची एकही हिट नाही. त्या एका सामन्याच्या जोरावर तो पंधरा वर्षं यादीत टिकला. त्या दिवशी खुर्चीत रूडी होता. आठव्या डावात एक बॉल तो अडवायला धावलेल्या शॉर्टस्टॉपच्या हातमोज्याला चाटून गेला. रूडीनं चूक दिली. हिट दिली असती तर सगळं तिथंच संपलं असतं."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"हिट. मी छापलंही. रूडी आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तो शॉर्टस्टॉप नवा होता, पोर्तो रिकोचा, पोरगेलाच, आणि त्या आठवड्यातली ती त्याची तिसरी चूक. दुसऱ्या दिवशी चोवीस तास भरायच्या आत तो वर आमच्याकडे आला, टोपी हातात धरून. म्हणाला, मिस्टर रूडी, ती हिट होती. रूडी म्हणाला, मी पाहिलं ते लिहिलं. सोमवारी त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. परत बोलावलं नाही कधी."

"नाव काय त्याचं?"

व्हर्न माझ्याकडे बघतच राहिला.

"अ‍ॅगी," तो म्हणाला, "रूडीच्या शवपेटीचा डावा कोपरा त्यानंच तर उचलला होता."

३

दहा वर्षं एलिसेओ मातोस आमच्या घरी येत होता. लेंटमधल्या, ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, एका शुक्रवारी चर्चच्या मासे-जेवणात भेटला, असं बाबा म्हणाले होते. तो पन्हळी साफ करायचा, बाबांना दवाखान्यात न्यायचा, त्यांच्याबरोबर टीव्हीवर सामने बघायचा. तो स्वतः कधी खेळला होता हे दोघांनीही मला सांगितलं नव्हतं. मी पुस्तकांच्या मागच्या सूची तयार करते. कोणतं नाव कोणत्या पानावर आलं ते शोधणं हाच माझा धंदा, आणि हे नाव माझ्याच घरात मी वाचलं नव्हतं.

तरी गुरुवारी सकाळी मी आधी मॅन्सफिल्डला गेले. जिवंत बाबांच्या टेबलावर फुली पाहणारा साक्षीदार एकच होता.

स्टॅलकपचं मोटारींचं दुकान आहे. काचेच्या दारावर त्याचा जुना फोटो, उजवा हात मागे ताणलेला. आता तो हात खांद्याच्या वर जात नव्हता, माझा कोट त्यानं डाव्या हातानं काढून घेतला.

"तुमच्या वडिलांसारखा माणूस होणे नाही," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. "मला सत्तावन्नावं सुरू आहे, अ‍ॅग्नेस. डॉक्टर खांद्याचं बघतात, वकील बाकीचं. एवढी एकच गोष्ट राहिली होती. काल माझ्या नातवानं विचारलं, आजोबा, आता पुढच्या वर्षी? त्याला काय सांगू?"

"सोळा तारखेचं सांगा."

"रविवार होता. आजारी आहेत कळलं म्हणून गेलो. टेबलावर पत्रिका पडली होती. मी काही वाकून बघितलं नाही, समोरच होती. एकच फुली, माझ्या नावापुढे. यंदा बाकी कोणी त्यांच्या पसंतीला उतरलं नव्हतं."

"बोलणं काय झालं?"

"जुन्या गप्पा. त्या सामन्याच्या. ते म्हणाले, ड्वेन, आठव्या डावातला तो बॉल, तुला काय वाटलं होतं? आता तीस वर्षांनी लपवायचं काय? मी म्हटलं, रूडी, स्वच्छ हिट होती ती. मला दिसलं, बाकावर बसलेल्या सगळ्यांना दिसलं. म्हणून तर तुला व्हिस्कीचा खोका पाठवला." तो आठवणीनं हसला. "फार हसलो आम्ही."

तो खोका मला आठवत होता. चांगल्या लेखाबद्दल आलाय, असं बाबा आईला म्हणाले होते, आणि त्यांचा तसाच समज होता. त्यांनी तो लेख फ्रेम करून लावला होता.

"आणि त्या शॉर्टस्टॉपबद्दल तुम्हाला काही वाटलं नाही? तुम्हाला ती हिट वाटत होती. त्याला चूक लागली."

"कोण? हां, तो." त्यानं खरोखर आठवून पाहिलं. "पोरं येतात, जातात. मी काय करणार होतो? माझी हिट झाली हो, म्हणून ओरडणार होतो?"

"बाबा हसले का? तुम्ही म्हणालात, आम्ही हसलो."

माणूस खोटारडा नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "ते म्हणाले, ड्वेन, माझा चष्मा दे."

४

बाबांच्या खोलीत मी दफनानंतर गेले नव्हते. ऑक्सिजनचं यंत्र कंपनीनं नेलं होतं, गालिच्यावर त्याच्या चाकांचे चार खड्डे होते. स्कोअरबुकं खिडकीखालच्या फळीवर वर्षवार लावलेली. अठ्ठ्याहत्तरचं पुस्तक जागेवरच होतं, फक्त बाकीच्यांवर धूळ होती.

सामना सापडायला वेळ लागला नाही, त्या पानावर ते उघडायला शिकलं होतं. आठवा डाव. बाबांच्या चौकटी मुंगीएवढ्या आणि रेघा छापल्यासारख्या सरळ. त्या सगळ्यांत एकच चौकट मळकट होती. शॉर्टस्टॉपच्या चुकीची खूण तिथून पुसली होती, कागद पांढुरका पडला होता, आणि त्यावर थरथरत्या हातानं हिटची आडवी रेघ ओढली होती. समासात बाबांची आद्याक्षरं आणि तारीख.

१७ डिसेंबर, सकाळी १०.४०.

मी खाली गालिच्यावर बसले.

ज्या माणसानं एका पोराला चोवीस तासांच्या आत नाही म्हटलं, त्यानं एकोणतीस वर्षांनी निर्णय बदलला होता आणि वेळसुद्धा लिहिली होती. अधिकृत नोंद काही त्यामुळे बदलत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी तो बदलला. ज्यानं बदलला तोच माणूस दोन फुटांवर पडलेल्या पत्रिकेकडे वळला नसेल, असं म्हणणं आता अवघड होतं. मतपत्रिकेवर छापलेलं असतं की खेळाडूची कामगिरी बघा, तसा प्रामाणिकपणा आणि स्वभावही बघा. बाबा दर वर्षी ते वाक्य लेखात उद्धृत करायचे आणि स्टॅलकपला त्याच मापानं मोजायचे.

फिस यांना ही वही दाखवली असती तर त्यांनी विचारलं असतं, पत्रिकेवरची फुली ह्याच हातानं पुसली कशावरून? वही बाबांनी बदलली. पत्रिका दुसऱ्या कोणी बदलली असू शकते. ज्याच्याकडे किल्ली होती आणि ज्याचं सगळं आयुष्य त्या एका चौकटीत पुसलं गेलं होतं, असा माणूस होताच.

मी त्याला फोन केला. लॉरेनच्या चर्चमध्ये रंगकाम चाललंय म्हणाला.

"एलिसेओ, बाबांचं एक पाकीट—"

"हो, मिस अ‍ॅग्नेस," तो म्हणाला. "ते मीच टाकलं पोस्टात. तुम्ही या, फोनवर नको."

५

तो रविवारच्या शाळेची खोली रंगवत होता. खाली वर्तमानपत्रं पसरलेली, लहान खुर्च्या एकावर एक रचलेल्या. मला पाहून त्यानं हात पुसले आणि दोन खुर्च्या काढल्या. आम्ही दोघं पन्नाशी उलटलेली माणसं गुडघे वर करून त्या खुर्च्यांवर बसलो.

"मंगळवारी दुपारी दिलं त्यांनी," एलिसेओ म्हणाला. "अठराला. बंद केलेलं, तिकीट लावलेलं. म्हणाले, आजच टाक. मी हो म्हटलं."

"आणि टाकलं अठ्ठावीसला."

"हो."

"का?"

तो रंगाच्या डब्याकडे बघत होता. "तुम्हाला कळलंय ना, मी कोण होतो ते."

"काल कळलं."

"मग 'का' असं काय विचारता? त्या पाकिटात काय होतं ते मला माहीत होतं. चौदा वर्षं पेपरात छापून येत होतं. त्यात ड्वेन स्टॅलकपचं मत होतं. मी ते गाडीच्या कप्प्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मिस्टर रूडी गेले. मग रोज कप्पा उघडायचो, बंद करायचो. वाटायचं, मी नाही टाकलं तर कोणाला कळणार? मेलेल्या माणसाचं एक पाकीट. माझ्याच हातानं त्याला देवळात बसवू? शेवटी नाताळ झाला. मी कन्फेशनला गेलो. फादर म्हणाले, दुसऱ्याचं पत्र दुसऱ्याचं असतं, एलिसेओ. अठ्ठावीसला कामावर जाता जाता टाकलं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि माझी दोन दिवसांची सगळी मांडणी माझ्या डोळ्यांदेखत उलटी झाली.

नऊ दिवसांचा तो उशीर आम्हा सगळ्यांना गुन्ह्याची खूण वाटला होता. पण ज्यानं फुली पुसली, त्याला थांबायचं कारणच नव्हतं. त्याच्या मनासारखं झालेलं होतं, पाकीट त्याच दिवशी टाकायचं, माणूस जिवंत असतानाच शिक्का पडू द्यायचा. बाबा गेल्यावर चोरून पुसलं असतं तर उशिराचा शिक्का हाच पुरावा ठरेल, हे कोणीही ओळखलं असतं आणि पाकीट जाळून टाकलं असतं. नऊ दिवस कप्पा उघडून बंद कोण करील? ज्याला आत फुली आहे असं वाटत होतं तोच. एलिसेओला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यानं आत हात घातला नव्हता. व्हर्नला बावीसला टेबलावर पत्रिका दिसली नाही, कारण ती चार दिवस आधीच गाडीत गेली होती. स्टॅलकपनं सोळाला फुली पाहिली. सतराला बाबांनी वही बदलली. अठराला त्यांनी पाकीट बंद केलं. मध्ये दुसरं कोणी नव्हतं.

कोरी पत्रिका कोण पाठवेल, असं आम्ही विचारत होतो. कोरी पत्रिका कोणी पाठवलीच नव्हती. एकाच फुलीची पत्रिका होती, आणि ज्या हातानं ती मारली त्याच हातानं ती मागे घेतली होती.

"एलिसेओ," मी म्हटलं, "त्या पाकिटात स्टॅलकपचं मत नव्हतं."

६

मी त्याला सगळं सांगितलं. पुसलेली फुली, वहीतली चौकट, तारीख. मग आकडे सांगितले. ते सांगायचे नव्हते, पण अर्धवट सांगणं मला जमत नाही.

त्यानं ते बोटांवर पुन्हा मोजले. "म्हणजे मी पाकीट जाळलं असतं, तर ड्वेन आत गेला असता."

"हो."

"आणि मी त्याला आत घालायला ते टाकलं."

"हो."

तो उठला. भिंतीपाशी गेला, पुन्हा आला. ओल्या रंगाला खांदा लागला तेही त्याला कळलं नाही.

"वहीत मिस्टर रूडींनी काय लिहिलं म्हणालात?"

"हिट."

"सतराला?"

"सोमवारी. पावणेअकराच्या सुमारास."

"दहाला मी त्यांच्या खोलीत होतो," एलिसेओ म्हणाला. "त्यांनी मला विचारलं. दहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. म्हणाले, एलिसेओ, आता मला खरं सांग. ती हिट होती ना? मी म्हटलं, हो मिस्टर रूडी, हिट होती. ते म्हणाले, बरं. मला वाटलं, मरणाऱ्या माणसाशी वाद कशाला. म्हणजे, मी तेच सांगत आलो होतो सगळ्यांना."

"मग?"

त्याचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं.

"त्या दिवशी माझी आई पहिल्यांदाच आली होती. विमानानं, गावाकडून, पोन्सेहून. तिसऱ्या बेसच्या मागे तिला जागा दिली होती. तिच्यापुढे एक उंच माणूस बसला होता आणि मी बघत होतो की तिला दिसतंय का. बॅटचा आवाज आला तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. एक पाऊल उशिरा निघालो. एकच. नाही तर तो बॉल माझा होता, मिस अ‍ॅग्नेस. लहान पोरानं घेतला असता." त्यानं खांद्यावरचा रंग बोटानं खरवडला. "आईनं विचारलं, चूक तुझी होती का रे? मी म्हटलं, नाही मम्मी, हिट होती. मग ते सोडता आलं नाही. वरून कोणाला दिसणार होतं मी कुठं बघत होतो ते? कोणाला दिसलं नाही. ड्वेनला नाही, बाकावर नाही. फक्त त्यांनी पाहिलं."

मी पाहिलं ते लिहिलं, असं बाबा त्याला म्हणाले होते.

बाबा पहिल्या वेळीच, अठ्ठ्याहत्तर सालीच, बरोबर होते. ते बरोबर होते आणि दोन माणसांच्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला. एक हसत हसत बोलला, दुसरा दयेनं. मग ते गेले. आता त्यांना सांगायला कोणी जाऊ शकत नव्हतं.

पण मॅन्सफिल्डचा तो प्रश्नही माझ्या कानात होता. कोण? हां, तो. ती हिट नसेल, पण स्टॅलकपला ती हिटच वाटत होती, आणि तो गप्प राहिला. बाबांनी फुली पुसली ती बॉलसाठी की त्या हसण्यासाठी? कोणत्याही वहीत ते लिहिलेलं नव्हतं.

"मी सांगतो त्यांना," एलिसेओ म्हणाला. "त्या सचिवांना. सांगतो मी खोटं बोललो. मग तरी ते मत रद्द होईल?"

"नाही होणार."

"मग तुम्ही सांगा की पाकीट मी चोरलं. ते गेल्यावर चोरलं. मी हो म्हणेन. ड्वेन आत जाईल, तुमच्या वडिलांचं नाव राहील. माझं काय, मला इथं कोण ओळखतं?"

तो हे मनापासून बोलत होता. मी एक मिनिट त्याचा विचार केला, हे लपवण्यात अर्थ नाही. स्टॅलकपचा नातू, दुधाच्या दुकानातली माणसं, उद्याचे मथळे. रूडी प्रेलोगनं मरता मरता पाठीत सुरा खुपसला, असं कोणी तरी लिहिणारच होतं. बहुतेक व्हर्नच, आणि कौतुकानं. आणि ते टाळायला फक्त एक वाक्य पुरणार होतं.

चर्चच्या कचेरीत फोन होता. मी नंबर फिरवला. फिस यांनी दुसऱ्या घंटीला उचलला.

"मिस प्रेलोग. मला एवढंच हवंय. पाकीट त्यांनी स्वतः बंद केलं?"

दारात एलिसेओ उभा होता. त्याच्या खांद्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा वाळायला लागला होता.

"हो," मी म्हटलं. "अठरा तारखेला. फुलीही त्यांनीच पुसली. टाकणाऱ्याला उशीर झाला, एवढंच."

"का पुसली, काही कळलं?"

"त्यांना कोणी तरी काही सांगितलं होतं."

"आणि ते खरं होतं?"

"मत त्यांचं आहे, मिस्टर फिस," मी म्हटलं. "मोजा."

पलीकडे कागदाची सळसळ झाली. मग त्यांनी माफी मागितली, आभार मानले आणि फोन ठेवला.

एलिसेओ आत गेला, खाली बसला, आणि ब्रश पाण्याच्या डब्यात बुडवून हळूहळू धुवायला लागला. मी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि दुसरा ब्रश घेतला. आम्ही पाणी चार वेळा बदललं. त्यातून पिवळा रंग येतच राहिला.